जुहूच्या धावपट्टीची आठवण ठेवावी

संपादक महोदय,

जुहूच्या विमानतळाची चर्चा हल्ली परिसरातील इमारतींच्या उंचीवरील निर्बंधांपुरतीच उरली आहे, म्हणून हे पत्र. देशातील नागरी विमान वाहतुकीचा हा अगदी आरंभीचा तळ 1928 मध्ये सुरू झाला आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाची पोती घेऊन एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून येथेच उतरले. पावसाळ्यात हे सखल मैदान चिखलात बुडत असल्याने टपालाची विमाने तेवढ्या काळापुरती पुण्याला हलवावी लागत, हे आजच्या जुहूकरांना सांगितले तरी सहज पटेल.

स्वातंत्र्यानंतर प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली, तरी जुहूची धावपट्टी वैमानिकांना चकवत राहिली. 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचे भलेमोठे डीसी-8 विमान सांताक्रूझ समजून येथे उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले. आज येथून प्रामुख्याने हेलिकॉप्टर उडतात, त्यांत बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी महत्त्वाची. म्हणजे हा तळ निकामी झालेला नाही, त्याचे काम तेवढे बदलले आहे.

उंचीच्या निर्बंधांमुळे जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडतो, ही रहिवाशांची अडचण खरी आहे आणि तिचा विचार व्हायलाच हवा. मात्र त्या निमित्ताने धावपट्टीच मोकळी करून देण्याची भाषा होऊ नये. शक्य झाल्यास एखाद्या जुन्या हँगरमध्ये शाळकरी मुलांना पाहता येईल असे छोटेसे प्रदर्शनही मांडावे.

— एक वाचक, विलेपार्ले (पश्चिम), मुंबई