कार्बनला उभं करणाऱ्या सायकलवाल्या काकांना

नमस्कार काका,

दुकानात आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून पंक्चर काढायला वळता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

दहावीला कार्बनी संयुगे शिकवताना माझी दरवर्षी एकच अडचण. फळ्यावर मिथेन काढायचा म्हणजे मधे कार्बन आणि चार बाजूंना चार हायड्रोजन. मुलांच्या डोक्यात तो अधिकच्या चिन्हासारखा सपाट बसतो. खरे कोन १०९.५ अंशांचे, पण ते फळ्यावर दिसणार कसे? शाडूचे गोळे आणि काड्यापेटीच्या काड्या घेऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी गोळे तडकले आणि भर वर्गात मिथेन कोसळला.

तुमच्याकडे आले ती जुने स्पोक मागायला. "बाई, करायचंय काय?" एवढंच विचारून तुम्ही भरीव रबरी चेंडू आणायला सांगितलेत. मी कोनमापक पुढे केला, तो तुम्ही घेतलाच नाहीत. "कुठलेही तीन पाय टेकवा, चौथा सरळ वर राहिला पाहिजे." पहिला डुगडुगला. तुम्ही एक स्पोक उपसून जरासा बाजूला टोचलात आणि तो बसला. चाकाचा आऊट काढणाऱ्या माणसाची नजर ती! वर्गात मुलांनी कोन मोजले, एक-दोन अंशांचाच फरक निघाला.

दोन कार्बन एकमेकांना दोन-दोन हातांनी धरतात त्या दुहेरी बंधाला ताठ स्पोक चालेनात, तेव्हा वॉल्व्ह ट्यूबचे दोन तुकडे वाकवून बसवायची युक्तीही तुमचीच. एका मुलीने आधी एकेरी बंधाचा इथेन घेतला आणि मधल्या स्पोकभोवती गरगर फिरवला. मग दुहेरी बंधाचा इथिलीन घेतला, पिळला, सोडला. तो परत जागेवर. "बाई, हा फिरतच नाही!" दुहेरी बंधाभोवती रेणू सहज फिरत नाही, हे मी इतकी वर्षं नुसतं सांगत होते. तिला ते मनगटाला कळलं. आढीतले आंबे याच इथिलीनने पिकतात म्हटल्यावर तर तो नमुना हातात घ्यायला झुंबड उडाली.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. १८६५ साली लंडनमध्ये हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने क्रोके या खेळाच्या चेंडूंत दांड्या खोचून रेणू दाखवले होते. आपण कार्बन काळा आणि हायड्रोजन पांढरा रंगवला, तो त्याच्याच रीतीने. त्याचे रेणू मात्र सपाट होते. कार्बनचे चार हात चारी अंगांना पसरतात हे १८७४ मध्ये व्हांट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाने मांडलं, वयाच्या २२ व्या वर्षी. ते पटवायला त्याने पुठ्ठ्याचे नमुने करून इतर शास्त्रज्ञांना पाठवले होते. तुमची तिवई त्याच घराण्यातली, काका.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की येते. बेंझीनला सहा काळे चेंडू लागतील, वॉल्व्ह ट्यूब उरली असेल तर बाजूला ठेवा. आणि एकदा वर्गात या. तीन पायांचा तो हिशेब मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचा आहे.

तुमची,
दहावीच्या विज्ञानाच्या बाई