शाळा व्यवस्थापन समिती : पटनोंदणीची सूचना

सर्व सदस्य व पालकांनो,

यू-डायस प्लसवर (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन प्रणाली) 30 सप्टेंबरचा पट धरला जातो. संचमान्यताही (शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी) पटावरच ठरते आणि आपला पट विसाच्या आत आहे, तेव्हा एक मूल सुटलं तरी फरक पडतो. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर 11 वाजता सर्वांनी वर्गात यावे.

सोबत आणा :
- मुलाचे व आईचे आधार, जन्मदाखला
- जातीचा दाखला (असल्यास)
- दुसऱ्या शाळेतून आलेल्यांचा शाळा सोडल्याचा दाखला

बहुतेक आधार नाव जुळत नसल्यानेच अडतात. जनरल रजिस्टरला (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) 'ज्ञानेश्वर' आणि आधारवर 'माऊली' असेल तर पडताळणी होत नाही. जन्मतारीख, लिंगही ताडून पाहा. दुरुस्ती मूळ कागद बघूनच होईल, तोंडी सांगून नाही. पाच वर्षांपुढच्या मुलांचे बोटांचे ठसे आधार केंद्रावर द्यायचे राहिले असतील तर उरकून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्याआधी कळवावे. मुलाला शिक्षण हमी कार्ड देता येते, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येते; नाव कमी करू नका. आजी-आजोबांकडे मूल ठेवणार असाल तर उत्तमच.

दिव्यांग मुलांची नोंद लाजेखातर लपवू नये. त्यांच्या सवलती त्या नोंदीवरच मिळतात.

– सचिव (मुख्याध्यापक)