मॅरेथॉनच्या रस्त्यावर एक मार्गिका : सहपोलीस आयुक्त (वाहतूक) यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सहपोलीस आयुक्त (वाहतूक),
बृहन्मुंबई पोलीस, वरळी, मुंबई.

विषय : दर रविवारी पहाटे ५ ते ८ या वेळेत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते माहीम या मॅरेथॉनच्या मार्गावर सायकलींसाठी डावीकडची मार्गिका राखून ठेवण्याबाबत.

महोदय,

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी आपले खाते जे काम करून दाखवते, त्यातले थोडेसे वर्षातल्या उरलेल्या रविवारीही व्हावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. २००४ सालापासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी आपल्या कार्यालयाची अधिसूचना आधीच निघते, कोणता रस्ता किती वाजता बंद राहील आणि वाहनांनी कोणत्या पर्यायी रस्त्याने जावे हे त्यात तपशीलवार दिलेले असते, आणि त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास स्पर्धक टर्मिनससमोरून धावू लागतात तेव्हा ४२.१९५ किलोमीटरच्या त्या सबंध मार्गावर कोणालाही मागून येणाऱ्या गाडीची भीती बाळगावी लागत नाही. मुंबईसारख्या शहरात हे शक्य होते, याचे श्रेय निःसंशय आपल्या खात्याचे आहे. पण पुढच्याच रविवारी, त्याच वेळी, त्याच रस्त्यावर आम्ही सायकली घेऊन उतरतो तेव्हा त्यातले काहीही उरलेले नसते.

आम्ही म्हणजे कोणी खेळाडू नव्हे. टर्मिनस आणि महापालिकेच्या मुख्यालयासमोर पहाटे जमणाऱ्या गटात बँकेतले कर्मचारी असतात, शिक्षिका असतात, निवृत्त गृहस्थ असतात, आणि बापाच्या किंवा आईच्या शेजारून जपून सायकल चालवणारी एखाद-दोन शाळकरी मुलेही असतात. हवा, ब्रेक आणि मागचा लाल दिवा तपासून झाला की अनुभवी माणूस पुढे राहतो, दुसरा सगळ्यांच्या मागे, आणि मधले दोन-दोनच्या रांगेत निघतात. हुतात्मा चौक, चर्चगेट, मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी, बाबुलनाथ, केम्प्स कॉर्नर, पेडर रोड, हाजी अली, वरळी सी फेस, प्रभादेवी, शिवाजी पार्क, माहीम आणि परत, असा हा साधारण पस्तीस किलोमीटरचा फेरा होतो. सी लिंकवर सायकलींना मनाई असल्याने मॅरेथॉनच्या मार्गाचा तेवढा भाग आम्हाला वगळावा लागतो आणि बिंदुमाधव ठाकरे चौकातून आत वळावे लागते. ती मनाई आम्हाला मान्य आहे. तिथला वारा आणि वाहनांचा वेग पाहता ती योग्यच आहे.

हाच मार्ग का निवडता, दुसरीकडे का जात नाही, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. याचे कारण सरळ आहे. दक्षिण मुंबईत समुद्राला लागून इतका सलग आणि बऱ्याच अंशी सपाट रस्ता दुसरा नाही; पेडर रोडचा चढ हाच काय तो कस पाहणारा, आणि मॅरेथॉन धावणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. शिवाय हा रस्ता शहराने स्वतःच व्यायामासाठी निवडलेला आहे. जानेवारीत त्यावर उतरायचे तर त्याची तयारी वर्षभर त्याच रस्त्यावर होणार, मग ती धावण्याची असो वा सायकलची.

धोका नेमका कुठे आहे, हे कार्यालयात बसून नकाशावर दिसणार नाही म्हणून थोडे तपशिलात लिहितो. केम्प्स कॉर्नरला पुलावरून येणाऱ्या आणि पुलाखालून येणाऱ्या गाड्या पेडर रोडच्या तोंडाशी एकत्र येतात. नेमका तिथेच चढ लागतो, सायकलचा वेग ताशी दहा-बारा किलोमीटरवर येतो आणि मागून येणाऱ्या चालकाने मात्र मोकळा रस्ता पाहून वेग वाढवलेला असतो. हाजी अलीच्या चौकात वाटा अनेक बाजूंनी येऊन मिळतात, आणि पहाटे सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो, म्हणजे थांबण्याचे बंधन कोणावरच नसते. वरळी सी फेसवर फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या डाव्या कडेला उभ्या असतात आणि त्यांचे दार कधी उघडेल याचा नेम नसतो. ते चुकवायला सायकलस्वार उजवीकडे सरकला की तो थेट वेगाच्या मार्गिकेत जातो. काही ठिकाणी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवलेल्या आहेत. त्यांच्या फटीत अरुंद टायर अडकतो. दिवसा ती जाळी लांबून दिसते, पण डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्योदय व्हायला सात वाजून जातात, म्हणजे सरावाच्या ऐन हंगामात आमचा जवळजवळ सगळा प्रवास अंधारात होतो. पुढचा माणूस ‘जाळी’ म्हणून ओरडतो आणि मागच्या मागे सगळे ओरडत जातात, एवढाच काय तो उपाय आज आमच्या हाती आहे.

ही भीती निराधार नाही. १९ मार्च २०२३ रोजी, रविवारी सकाळी, वरळी सी फेसवर धावणाऱ्या एका महिलेचा मोटारीच्या धडकेने मृत्यू झाला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईत पाम बीच मार्गावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी आपल्या सायकल गटाबरोबर जात असताना मागून आलेल्या कॅबने त्यांना धडक दिली आणि त्यांचा अंत झाला. ७ जुलै २०२४ रोजी, पुन्हा रविवारी पहाटेच, वरळीत ॲनी बेझंट मार्गावर ससून गोदीतून मासळी घेऊन घरी परतणाऱ्या कोळी दाम्पत्याच्या दुचाकीला भरधाव मोटारीने धडक दिली आणि त्यातली पत्नी जिवास मुकली. या तिन्ही घटना वेगवेगळ्या आहेत, त्यांचे खटले व निष्कर्ष न्यायालयांचे आहेत, त्यावर मी काही बोलू इच्छित नाही. पण तिन्ही घटनांची वेळ पाहावी. रस्ता रिकामा असतो, नाकाबंदी उठलेली असते, आदली रात्र काहींची अजून संपलेली नसते आणि ज्यांचा दिवस त्या वेळी सुरू होतो ती माणसे त्याच रस्त्यावर असतात. मी ज्या गटाबरोबर जातो त्या गटातल्यांच्या घरच्या मंडळींना आम्ही परत येईपर्यंत झोप लागत नाही, हे मी अतिशयोक्ती न करता लिहीत आहे.

यावर रस्ता बंद करा, असे मी म्हणत नाही. ते दर रविवारी शक्य नाही आणि न्याय्यही नाही. माझे म्हणणे वेगळे आहे, आणि ते २०२४ नंतरच्या मुंबईतच मांडता येते. मार्च २०२४ मध्ये सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला. सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून बांधलेला हा १०.५८ किलोमीटरचा रस्ता प्रिन्सेस स्ट्रीटच्या पुलापासून सी लिंकच्या वरळीच्या टोकापर्यंत जातो, ऑगस्ट २०२५ पासून तो रात्रंदिवस खुला आहे, त्यावर पथकर नाही आणि ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. सायकली आणि दुचाकींना त्यावर बंदी आहे. म्हणजे मरीन ड्राइव्हहून वरळीला वेगाने जायचे असेल त्याच्यासाठी आता स्वतंत्र रस्ता आहे, आणि रविवारी पहाटे तो जवळजवळ मोकळाच असतो. मग चौपाटी, पेडर रोड, हाजी अली या जुन्या रस्त्यावर त्या तीन तासांत सगळ्याच मार्गिका वेगासाठी मोकळ्या ठेवण्याची गरज उरते का? शहराने मोटारींसाठी समुद्रात भराव टाकून नवी वाट काढली. त्यामुळे जुन्या वाटेवर जी जागा मोकळी झाली तिच्यातली एक मार्गिका आठवड्यातून तीन तास आम्हाला द्यावी, एवढेच मागणे आहे.

असे प्रयत्न पूर्वी झाले आहेत आणि ते का टिकले नाहीत हेही पाहिले पाहिजे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये कायमचा सायकल मार्ग बांधला गेला; पण त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि शेवटी रस्ता रुंद करण्यासाठी तो काढून टाकण्याची पाळी आली. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने एनसीपीए (नरिमन पॉइंटचे नाट्यगृह संकुल) ते वरळी सी फेस असा रविवार सकाळचा सायकल मार्ग सुरू केला होता. शंकू लावून एक कडा वेगळी केली जाई आणि भाड्याने सायकली मिळत. २७ मार्च २०२२ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांच्या पुढाकाराने ‘संडे स्ट्रीट्स’ हा उपक्रम सुरू झाला आणि मरीन ड्राइव्हसह शहरातले काही रस्ते रविवारी सकाळी चालणाऱ्यांसाठी आणि खेळणाऱ्यांसाठी खुले झाले. मरीन ड्राइव्हच्या डांबरावर मुले खडूने चित्रे काढताना आणि स्केटिंग करताना मुंबईने पाहिली आहेत. या उपक्रमांना लोकांचा प्रतिसाद कमी पडला, असे मला वाटत नाही. ते एका कार्यालयाच्या किंवा एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभे राहिले; अधिकारी बदलले, प्राधान्य बदलले आणि आठवड्यामागून आठवडे तेच काम करणारी व्यवस्था तयार झाली नाही. बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी मुख्य रस्ते सायकलींसाठी मोकळे केले जातात. तिथे महापौर कितीतरी बदलले, तरी रविवार चालू राहिला.

म्हणून माझी पहिली मागणी शंकूंची नाही, अधिसूचनेची आहे. मॅरेथॉनसाठी आपण ज्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ खाली वाहतुकीवर निर्बंध घालता, त्याच अधिकारात दर रविवारी पहाटे ५ ते ८ या वेळेसाठी टर्मिनस ते माहीम या मार्गावर दोन्ही दिशांनी डावीकडची मार्गिका सायकलींसाठी राखीव असल्याचे जाहीर करावे, बेस्टच्या बसला थांब्यापुरती त्यात मुभा असावी, आणि ही अधिसूचना निदान एका वर्षासाठी असावी. त्या वेळेत या मार्गिकेत वाहन उभे करण्यास मनाई असावी. ती मोडणाऱ्यावर ई-चलान निघू लागले की महिनाभरात सवय लागेल. हाजी अली, केम्प्स कॉर्नर आणि वरळी नाका येथील सिग्नल रविवारी पहाटे पाचपासूनच नेहमीसारखे चालावेत, लुकलुकते ठेवू नयेत. याला पैसा लागत नाही आणि यातून वाचणारे जीव फक्त सायकलस्वारांचे नसतील. शनिवारी रात्रीची मद्यपी चालकांसाठीची तपासणी या मार्गावर सकाळी सातपर्यंत चालू ठेवता आली तर माझ्या मते एवढ्या एका उपायाने निम्मी भीती जाईल. गटाराच्या जाळ्या आडव्या बसवण्याचे काम महापालिकेचे आहे हे मी जाणतो. आपल्या कार्यालयाचे पत्र गेले तर ते लवकर होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

मनुष्यबळाची अडचण आपण मांडाल आणि ती खरी आहे. रविवारची सुटी आपल्या हवालदारांनाही हवी असते. पण या मार्गावर प्रत्येक चौकात माणूस उभा करण्याची गरज नाही. केम्प्स कॉर्नर, हाजी अली, वरळी नाका आणि माहीम या चार जागा सांभाळल्या तर बाकीचा मार्ग सायकलस्वारांच्या गटांतले स्वयंसेवक सांभाळू शकतील, आपण त्यांना वाहतूक रक्षकांसारखे प्रशिक्षण आणि ओळख पटेल असे जॅकेट द्यावे. शंकू लावण्याचे आणि आठ वाजता उचलण्याचे काम आम्ही करू.

काही सायकल गट सिग्नल तोडतात, रस्ता अडवून चार-चारच्या रांगेत जातात, मोठ्या आवाजात गाणी लावतात, ही तक्रार वाहनचालक करतात आणि ती रास्त आहे. राखीव मार्गिका मिळाली की या वागण्याला कोणतीही सबब उरणार नाही. दोघांपेक्षा जास्त शेजारी-शेजारी नकोत, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, हेल्मेट हवे, शर्यत नको आणि लाल सिग्नलला पाय जमिनीला टेकलेला असावा, या अटी आपण अधिसूचनेतच घालाव्यात. त्या मोडणाऱ्याला दंड झाला तर आम्ही त्याची बाजू घेणार नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण या विषयावर बोलताना ती हमखास सुटते. पहाटे या रस्त्यावर सायकल चालवणारे पहिले आम्ही नाही. कॅरिअरवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधलेला मुलगा, हँडलला दुधाच्या पिशव्या लटकवलेला माणूस, पावाचा मोठा टोपला मागे घेऊन बेकरीतून निघालेला पाववाला, स्टीलच्या डब्यात इडल्या घेऊन भोंगा वाजवत जाणारा विक्रेता, हे सगळे आमच्या आधी तिथे असतात. त्यांच्याकडे हेल्मेट नसते, मागे दिवा नसतो, आणि त्यांच्या नावाने कोणी खुले पत्र लिहीत नाही. त्यांना रविवारीच नव्हे, रोजच या रस्त्यावरून जावे लागते. आमच्या निमित्ताने ही मार्गिका निर्माण झाली तर तिचा पहिला हक्क त्यांचा असेल, आणि पुढे कधी ती रोजची करता आली तर ती त्यांच्यासाठी करावी.

मॅरेथॉनच्या सरावाचा हंगाम ऑक्टोबरात पाऊस थांबला की सुरू होतो आणि पहाटे रस्त्यावर येणाऱ्यांची संख्या तेव्हापासून वाढत जाते. त्याआधी निदान मरीन ड्राइव्ह ते हाजी अली एवढ्या टप्प्यावर चार रविवार चाचणी घ्यावी, तिच्या नोंदी आपल्याच अधिकाऱ्यांनी ठेवाव्यात आणि त्यावरून पुढचा निर्णय करावा. त्यापूर्वी आपण किंवा आपल्या नियोजन विभागातील एखाद्या अधिकाऱ्यांनी एका रविवारी पहाटे आमच्याबरोबर हा मार्ग सायकलने, नाही तर आमच्या मागून वाहनाने, पाहावा. आम्ही पहाटे पाच वाजता टर्मिनससमोर असतो. सायकलींची आणि हेल्मेटची सोय आम्ही करू. या विनंतीवर आपल्या कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळावे, ही अपेक्षा आहे.

आपला विश्वासू,
मुंबईतील एक सायकलस्वार