मंगलाष्टकं बाबांनीच म्हणायची

बंगळुरू

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या लग्नातल्या गाण्या-वाजवण्याचा विषय काढला की आई मध्येच केटररचं सुरू करते आणि बाबा ‘तुमचं चालू द्या’ म्हणत आतल्या खोलीत जातात. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनीही वाचायचं, आणि बाबांनी चष्मा लावून.

आधी डीजेचं मिटवू. सासरची नगरकर मंडळी हौशी आहेत, त्यांच्या पोरांना नाचायचंय. नाचू देत की, मीही नाचणार आहे. पण ते आदल्या संध्याकाळी, सीमांतपूजन आटोपल्यावर, बाहेर लॉनवर. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, त्यामुळे कुणाचा वाईटपणा न घेता ते वेळेत आवरेल. लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये मात्र भिंतीएवढे स्पीकर नकोत. लोक काय म्हणतील हे मला सांगू नकोस, आई. मागच्या लग्नात शेजारी बसलेल्या मावशीला तू सुनेचं बाळंतपण कधी आहे ते विचारलंस आणि तिनं तुला मठ्ठा वाढायला सांगितला. पाहुणे गावोगावहून येतात ते एकमेकांशी चार शब्द बोलायलाच ना?

हॉलचा मॅनेजर गाण्यांच्या लायसनचे वेगळे पैसे मागतोय, असं आई म्हणाली. देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, लग्नविधी, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्टही केलंय. मी कागद पाठवते, तो फक्त दाखवायचा. वाद घालत बसू नका.

वरातीला हलगी. देवळापासून हॉलपर्यंत जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता, त्याला बँड कशाला? आणि सकाळपासून सनई-चौघडा, तोही खराखुरा, पेन ड्राइव्हवरचा नाही. सनईवाल्यांशी मी बोलले. दोन सनया, एक सूर धरणारा आणि चौघडा. ग्रहमखाच्या वेळी तोडी वाजवतील. मुहूर्त भर दुपारचा, तेव्हा मंडपात वृंदावनी सारंग. जेवणाच्या वेळी अभंग आणि नाट्यपदं, बेतानं. फर्माईश काय म्हणून त्यांनी विचारलं, तर मी एवढंच म्हटलं की पाठवणीला रडवणारं काही नको, साधी भैरवी पुरे. रडायचं ते आम्ही आमचं रडू. सूर धरणाऱ्याकडे जरा बघा त्या दिवशी. नाकानं श्वास आत आणि गालातली हवा बाहेर असं एकाच वेळी करत तो सूर तुटू देत नाही. बघताना आपलाच जीव कासावीस होतो. त्यांची पानं आधी वाढायची, आई. वाजंत्री उपाशी आणि व्याही दुसऱ्या पंगतीला, असं आपल्याकडे नको.

आता मुख्य मुद्दा. बाबा, ‘आता माझा आवाज राहिला नाही, भटजींनाच म्हणू दे’ असं तुम्ही आत्याला सांगितलंत म्हणे. छोटूच्या मुंजीत, दोन्ही मामांच्या लग्नात, गल्लीतल्या निम्म्या लग्नांत मंगलाष्टकं तुम्ही म्हटलीत, आणि माझ्या लग्नात पाहुण्यांच्या रांगेत अक्षता घेऊन उभे राहणार? आवाजाचं निमित्त आहे. खरं कारण ते कानातलं यंत्र आहे, हे मला गणपतीतच कळलं होतं. आरतीला तुम्ही ते काढून खिशात टाकलं होतंत.

इथे मी एका ऑडिओलॉजिस्टला विचारलं. ही यंत्रं मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून लावलेली असतात. एकसारखा लांबणारा आवाज त्यांना पंख्याची घरघर वाटतो, आणि ती तो दाबतात. तंबोरा मध्येच गेल्यासारखा वाटतो असं तुम्ही म्हणत होतात, ते त्यामुळेच असणार. बऱ्याच यंत्रांत गाण्यासाठी वेगळी सेटिंग करून मिळते. छोटूबरोबर सांगलीला जाऊन ती करून घ्या, आणि जाताना फोनवर तंबोरा लावून न्या, म्हणजे तिथेच पडताळता येईल. लग्नात मात्र फोनचा तंबोरा नको. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मिरजेतल्याच लग्नात डबीतला सूर? सतारमेकर गल्लीतून एक दिवसासाठी चांगला तंबोरा मिळेल, छोटू बघतोय. तुमच्या उजव्या कानाशी ठेवू, तोच बरा आहे ना? तुम्ही म्हणत असताना सनई पूर्ण बंद राहील. तिची पट्टी ठरलेली, तुमची वेगळी, उगाच ओढाताण नको. शेवटच्या ‘सावधान’ला मामा हात वर करेल, तेव्हाच चौघडा. नाहीतर दुसऱ्याच कडव्याला कुणीतरी ‘वाजवा रे’ म्हणून ओरडतं आणि अर्ध्या अक्षता तिथेच संपतात.

आत्यानं नवीन मंगलाष्टक रचलंय, त्यात दोन्हीकडची गावं घालणार आहे. ते तुम्ही तपासा, नाहीतर मांडवात शार्दूलविक्रीडित वृत्ताचे हाल होतील. मी थोडं करून पाहिलं. ‘बंगळुरू’ तिसऱ्या अक्षरापासून अगदी चपखल बसतं. ‘मिरजे’ नेमकं बाराव्या अक्षरावर, यतीवर म्हणजे ओळीतल्या विरामावर, येऊन थांबतं. पण ‘अहमदनगर’ म्हणजे सलग सात लघू, म्हणजे ऱ्हस्व अक्षरं, आणि एकोणीस अक्षरांत तीनपेक्षा जास्त लघू सलग कुठेच येत नाहीत. नवं ‘अहिल्यानगर’ घेतलं तरी अडतंच. सासर वृत्तात बसत नाही, हे आत्याला तुम्हीच सांगा, माझं ती ऐकणार नाही.

आणि आई, हळदीच्या आदल्या दिवशी घाणा भरताना ओव्या तूच म्हणायच्या. माइक नाही, व्हिडिओवाला नाही, फक्त बायका. आजीच्या ज्या ओव्या तुला अर्ध्याच आठवतात, त्या आक्कांना विचारून वहीत उतरवून ठेव. मला एकही धड येत नाही, मागे बसून म्हणायला वही लागेल.

सनईवाल्यांना इसार द्यायचा राहिलाय, तो मी इथून पाठवते, तुम्ही देऊ नका. बाबा, काळी एकची पट्टी झेपत नसेल तर पांढरी एक घ्या, तीही नको तर काळी पाच. पण येत्या रविवारी फोनवर मला निदान ‘स्वस्ति श्रीगणनायकं’ची पहिली ओळ ऐकवायची, यंत्र कानात ठेवून.

तुमची,
ताई