मानमोडीचं कबुतर

नौपाडा, ठाणे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "मानमोडी झालेलं पाखरू जगत नाही गं. उगाच हाल करू नकोस, सुटू दे त्याला." तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या आणि चिनूची परीक्षेची घाई, धड बोलता आलं नाही. पण तुझं बोलणं मनात राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

न बघताच तू रोग ओळखलास. कोंबड्यांची मानमोडी, म्हणजे राणीखेत, ज्या विषाणूने होते, त्याचाच कबुतरांत आढळणारा प्रकार आमच्याकडच्या या कबुतराला झालाय, असं डॉक्टर म्हणाले. मान पूर्ण उलटी वळते, माथा जमिनीला टेकतो आणि चोच वर. जरा दचकलं की स्वतःभोवती गरगरतं आणि उताणं पडतं. आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये असंच पडलेलं वॉचमनकाकांना सापडलं आणि ते खोक्यात घालून वर घेऊन आले.

तुझा प्रश्न मी डॉक्टरांना जसाच्या तसा विचारला. त्यांनी समजावलं ते तुलाही सांगते. या विषाणूवर औषध नाही, पण नीट जपलं तर बरीच कबुतरं काही आठवड्यांत त्यातून निभावतात. जी जातात तीही अनेकदा भुकेने जातात. मेंदूला आणि नसांना मार बसल्यामुळे नेम चुकतो. दाणा दिसतो, भूकही असते, पण चोच दाण्याच्या बाजूला पडते. समोर वाटीभर ज्वारी असताना ते उपाशी मरतं. हे ऐकल्यावर, आई, मला "सुटू दे" म्हणता येईना. रोग माझ्या हातात नाही, भरवणं आहे.

भरवायचं तंत्र डॉक्टरांनीच हात धरून शिकवलं. फ्रीजरमधले मटार कोमट पाण्यात टाकून मऊ करायचे. पाखराला पंच्यात गुंडाळून छातीशी धरायचं, चोच बाजूने अलगद उघडायची आणि मटार जिभेच्या मागे ठेवायचा, की ते स्वतः गिळतं. गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपायची, पुढचं भरवण्याआधी ती रिकामी झालेली हवी. पाणी मात्र चोचीत कधीच ओतायचं नाही, श्वासनलिकेत गेलं तर संपलं. तुझ्या कोंबड्या घोटभर पाणी घेऊन मान वर करतात ना, तसं कबुतर करत नाही. ते चोच बुडवून पाणी ओढून घेतं. म्हणून खोल वाटीत त्याची चोच नाकपुड्यांपर्यंत टेकवायची आणि वाट बघायची. पहिल्यांदा ते स्वतःहून प्यालं तेव्हा मी ह्यांना ऑफिसात फोन करून सांगितलं.

त्याला उजेडाचा झटका, मिक्सरचा आवाज, काहीच सोसत नाही. खोक्यात जुन्या टॉवेलची चुंबळ करून ठेवलीय, तिच्यात बसलं की उलटत नाही. रोज सकाळी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करते. आलं तेव्हा जेमतेम २१० ग्रॅम होतं आणि छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागायचं. आता २८०च्या पुढे गेलंय. शांत असलं की मान जवळपास सरळ राहते. खोल भांड्यात दाणे काठोकाठ भरून ठेवले की चोच कुठेही पडली तरी काहीतरी हाती लागतं, तसं थोडं थोडं ते स्वतः टिपायला लागलंय. परवा पंखाखालची पिसं साफ करत बसलं होतं, अर्धी पिसं चुकवत, पण तासभर.

आणि हालांचं म्हणशील, तर तेही ठरवून ठेवलंय. भरवलेलं पचेनासं झालं, वजन घसरत राहिलं, पिसांकडे बघेनासं झालं, तर डॉक्टर इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे झोपवतील. मी हो म्हटलंय. पण जे पाखरू माझ्या हातातून सुटायला पंख फडफडवतं, त्याच्यासाठी तो निर्णय मी आज घेणार नाही.

बाबा, तुमची काळजी वेगळी आहे आणि ती बरोबरच आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला, तेव्हा तुम्ही ती बातमी मला वाचून दाखवली होती. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींची फुप्फुसं सुजतात. ते वर्षानुवर्षं चाललं तर झालेली इजा भरून येत नाही. शेकडो कबुतरांना चौकात दाणे टाकणं मला आजही पटत नाही. हे एकच आहे आणि आजारी आहे. त्याचा मुक्काम मागच्या बंद गॅलरीत असतो, घरात नाही. खालचा कागद रोज बदलते, कोरडं झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसते, तोंडाला मास्क लावते. चिनू काचेतूनच बघतो. तुमचा दमा लक्षात घेता दिवाळीला तुम्ही याल तेव्हा त्याची सोय दुसरीकडे करणार आहे. डॉक्टरांच्या ओळखीतल्या एकांनी घ्यायची तयारी दाखवलीय.

उडेल का, हा चिनूचा रोजचा प्रश्न. कदाचित उडेलही. पण अशा पाखरांची मान ताण आला की पुन्हा वळते, आणि बाहेर मांजर, घार, गाड्या, सगळा ताणच. बरं वाटलं तरी काही आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो, म्हणून इतर कबुतरांत तर लगेच सोडताच येणार नाही. कायमचं सांभाळावं लागलं तर सांभाळू.

आता दोन कामं. आई, हा विषाणू कोंबड्यांना लागू शकतो. गणपतीला मी येईन तेव्हा आधी अंघोळ करून कपडे बदलेन, आणि इथल्या चपला घालून तुझ्या खुराड्याकडे फिरकणार नाही. तूही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून राणीखेतची लस टोचून घे, नवीन तलंगांची राहिलीय असं तूच म्हणाली होतीस.

बाबा, तुमच्याकडे फणसाच्या फळ्यांचे तुकडे उरलेत ना? कबुतराला गोल दांडीपेक्षा सपाट जागा आवडते. वीतभर रुंद, हातभर लांब, जमिनीपासून चारच बोटं उंच, तिन्ही बाजूंना बोटभर कड आणि चौथी बाजू उतरती, असा पाट करून ठेवाल का? कानस नीट मारा, त्याच्या पायांना कूस लागायला नको. रंग किंवा पॉलिश काही लावू नका.

तुमची,
माई