बुके कोणी दिला ते कळलं, घराचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या इथल्या एका सेवाभावी क्लबच्या मीटिंगची बातमी आली होती, फोटोसकट. अध्यक्ष कोण, सेक्रेटरी कोण, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते, बुके कोणी दिला, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले आणि "आदी मान्यवर" मधे कोण कोण बसलेले, सगळं व्यवस्थित कळलं. मधेच कुठेतरी अर्धं वाक्य की "यावेळी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी सौरघर प्रकल्पाविषयी उपयुक्त माहिती दिली". झालं, संपलं! काय माहिती दिली, कोणाला उपयुक्त, पत्ता नाही.

मी त्या मीटिंगला होतो. मेंबर नाही, मित्राने गेस्ट म्हणून नेलं (नंतर जेवण असतं हेही खरं). आणि खरं सांगू का, त्या मुलांनी जे सांगितलं ते पेपरात अर्धं पान भरून यायला हवं होतं.

एक मुलगी मुख्य बोलत होती. सोलार डेकॅथलॉन नावाची स्पर्धा आहे, २००२ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वॉशिंग्टनला पहिल्यांदा भरवली, कॉलेजच्या मुलांनी सूर्यावर चालणारं खरंखुरं घर बांधायचं आणि त्याच्या दहा परीक्षा. आता आपल्याला वाटतं घर बघून मार्क देत असतील, तर नाही, त्या घरात कपडे धुवून दाखवायचे, गरम पाणी काढून दाखवायचं, फ्रीज थंड राहतो का बघणार, खोलीचं तापमान ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवायचं, एवढंच कशाला शेजारच्या टीमला घरात स्वयंपाक करून जेवायला घालायचं, आणि हे सगळं करून वापरली तेवढी वीज छपराने परत द्यायची. २०१४ ला हीच स्पर्धा फ्रान्समधे व्हर्सायला झाली तेव्हा २० टीम होत्या आणि त्यात आयआयटी मुंबई आणि रचना संसदच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या मुलांची 'टीम शून्य' होती, भारतातून गेलेली पहिली. घराचे भाग सुटे करून तिकडे नेले आणि जोडून उभं केलं! आपल्याकडे पण आता याच नावाने डिझाईनची स्पर्धा होते, ही मुलं त्यासाठी घर आखतायत, आणि कुठल्या परदेशी गावासाठी नाही तर कोकणातल्या पावसासाठी.

मला सगळ्यात आवडलं ते हे की तिने पॅनेलबद्दल बोलायला सुरुवातच केली नाही. म्हणाली आधी वीज लागणार किती ते कमी करा. वारा आरपार जाईल अशा खिडक्या समोरासमोर, पश्चिमेच्या भिंतीवर ऊन येणार नाही अशी पडवी, आणि जुना पंखा ७० ते ७५ वॅट खातो, नवीन बीएलडीसीवाला (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसेक वॅटमधे भागतो, घरात चार पंखे असतील तर बघा हिशोब. हे करून झाल्यावर मग छपरावर चढा.

मग प्रश्न सुरू झाले आणि मीटिंगला खरी मजा आली. पहिला प्रश्न अर्थातच, लाईट गेल्यावर सोलार चालणार ना? तर नाही! लाईनीला जोडलेली साधी, बिनबॅटरीची सिस्टीम असेल तर लाईट गेली की ती पण बंद पडते, कारण खांबावर वायरमन काम करत असतो, आपल्या छपरावरची वीज उलटी लाईनीत गेली तर त्याच्या जीवावर बेतेल, म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा सोलारचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. लाईट नसताना पण चालू हवं तर बॅटरीवाली घ्यायची, ती महाग. हॉलमधल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नव्हतं, त्यात दोघातिघांनी ऑलरेडी बसवून घेतलेलं.

जागा किती लागते तर किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, आणि वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमधून दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज, पण जुलैत ती अपेक्षा ठेवू नका असं तिने स्पष्ट सांगितलं. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट किंवा जास्त बसवलं तर ७८ हजारापर्यंत सबसिडी आहे हे पण सांगितलं.

मग मागून एक काका उठले, आमचं कौलारू आहे, आणि माकडांचं काय? सगळे हसले पण प्रश्न अगदी बरोबर होता, आमच्याकडे दर वर्षी कौलं बदलायला लागतात. मुलगी हसली नाही. म्हणाली पॅनेलची काच टफन केलेली असते, कौलासारखी फुटत नाही, पण माकडं वायरी ओढतात म्हणून वायर उघडी सोडायचीच नाही, पाईपातून न्यायची. आणि कौलारू असेल तर आधी वासे तपासून घ्या, वजन कौलावर नाही वाशांवर यायला पाहिजे, वासे जुने असतील तर अंगणात वेगळा सांगाडा उभारलेला बरा.

आता सांगा साहेब, यातली कुठली गोष्ट वाचकाच्या कामाची नव्हती?

मला कल्पना आहे की क्लबचा सेक्रेटरी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर प्रेसनोट टाकतो आणि तुमच्या डेस्कवरचा माणूस ती आहे तशी लावतो, त्याला पण पान सोडायची घाई असते. दोष दोघांचा अर्धा अर्धा. क्लबवाल्यांना मी नावं ठेवत नाहीये, पोलिओच्या वेळी रोटरीने जगभर काय काम केलं ते सगळ्यांना माहितीये आणि या क्लबने त्या मुलांना बोलावलं हेच मोठं काम आहे. पण मग ते काम लपवून बुकेच का छापायचे? फोटोत अकरा जण ओळीने उभे, मधे शाल घातलेले अध्यक्ष, ती मुलगी अगदी कडेला अर्धी कापलेली आणि मुलांनी महिनाभर खपून केलेलं घराचं मॉडेल माणसांच्या मागे गेलंय, त्याचं फक्त एक छप्पर दिसतंय. त्या मुलांचं नाव बातमीत कुठेच नाही, कॉलेजचं पण नाही, पण माईकवाल्याचे आभार आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे, क्लबांच्या बातम्यांसाठी एक साधा नियम करा, पाहुणा काय बोलला ते आधी आणि मान्यवरांची यादी शेवटी, जागा उरली तर. सेक्रेटरी लोकांना सांगून टाका की पाहुण्याचे चार मुद्दे लिहून पाठवले तरच बातमी लागेल, बघा पुढच्या मीटिंगला निम्मे मेंबर वही घेऊन बसतील.

ते मॉडेल अजून क्लबच्या हॉलमधेच टेबलावर ठेवलेलं आहे. फोटोग्राफर पाठवा आणि नुसत्या मॉडेलचा फोटो छापा, कृपया शेजारी कोणाला उभं करू नका.

आपला,
एक वाचक, चिपळूण