कीबोर्ड आणि माऊस बंद का पडले ते शोधून देणाऱ्या ताईंस आभाराचे पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या अभ्यासिकेत येऊन जे काम केलेत त्याचा मोबदला घेतला नाहीत, आणि आपले नाव कोठे छापू नये असेही बजावलेत. "ज्याला गरज पडेल त्याला सांगा, एवढे पुरे," असे आपण निघताना म्हणालात. म्हणूनच हे पत्र खासगी न ठेवता कोणालाही वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे आणि आपण काय केलेत, कोणत्या क्रमाने केलेत, हे त्यात शक्य तितके नेमके नोंदवीत आहे. लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली बसवायला घेतल्यावर कीबोर्ड आणि माऊस निपचित पडले, म्हणून अडून बसलेली माणसे थोडी नाहीत. आपली पद्धत त्यांच्यापर्यंत पोहोचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नागपूरच्या मानेवाडा भागातील आमच्या अभ्यासिकेत भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, हे आपण पाहिलेच आहे. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द असावा लागतो आणि त्याचा सराव करण्यासाठी यांतील बहुतेकांकडे स्वतःचा संगणक नाही. देणगीतून मिळालेले, एकाच बनावटीचे जुने संगणक हाच त्यांचा आधार आहे. त्यांवरील विंडोज १० चा नियमित आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, तो या यंत्रांत नाही. चांगली चालणारी यंत्रे भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवावी, असे आम्ही ठरवले. उतरवलेल्या फाइलीचा चेकसम (फाइल अखंड उतरली की नाही हे पडताळण्याचा आकडा) जुळत होता. तरीही पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर लाइव्ह फाइल सिस्टिम (न बसवताच चालणारी प्रणाली) असलेले माध्यम सापडत नाही, अशा अर्थाचा संदेश येऊन काम थांबे. डीव्हीडीवरून सुरू केल्यावर मात्र मिंटचा संपूर्ण पडदा दिसे, 'इन्स्टॉल'चे चिन्हही दिसे, पण माऊसचा बाण मधोमध खिळलेला आणि कीबोर्डची एकही कळ लागू पडत नसे. कीबोर्ड बदलून पाहिला, माऊस बदलून पाहिला, पोर्टही बदलून झाले. एका दुरुस्तीकाराने मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला, तो आमच्या ऐपतीबाहेरचा होता.

आपण बर्डी या बाजारपेठेतले आपले काम आटोपून संध्याकाळी आलात. आल्याबरोबर संगणकाचे झाकण उघडाल, अशी आमची अपेक्षा होती. आपण खुर्ची ओढून बसलात आणि प्रश्न विचारू लागलात. पहिला प्रश्न असा होता, की पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळाचा आकडा पुढे सरकतो आहे का. तो सरकत होता. म्हणजे यंत्र गोठलेले नाही, केवळ बाहेरून येणारे हुकूम आत पोहोचत नाहीत, हे आपण तेथेच वेगळे काढलेत. मग कॅप्स लॉकची कळ दाबायला लावलीत. दिवा लागला नाही. हा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही, कळ दाबल्याचे कळल्यावर चालू असलेली प्रणाली त्याला दिवा लावण्यास सांगते, असे आपण समजावलेत. दिवा न लागणे म्हणजे कर्नेलपर्यंत, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यापर्यंत, काहीच गेलेले नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबून साधा मजकुराचा पडदा येतो का तेही पाहिलेत. तो आला असता तर दोष केवळ चित्रमय पडद्याच्या थरात शोधावा लागला असता. तोही आला नाही. माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा सुरुवातीच्या मेनूपर्यंत जळत होता आणि कर्नेल सुरू होताच विझत होता. हे आमच्यापैकी कोणाच्याच नजरेत आले नव्हते. आपण माऊस उलटा करून टेबलावर ठेवलात आणि संगणक पुन्हा सुरू करून सर्वांना दाखवलेत.

त्यानंतरचे आपले वाक्य मी लिहून ठेवले आहे : "मेनूत कीबोर्ड चालतो ना? मग कीबोर्ड चांगला आहे, पोर्टही चांगला आहे. त्याचे ऐकणारा बदलला की बिघडते."

मुलांना हे कळावे म्हणून आपण नागपूर स्थानकाचे उदाहरण दिलेत. लांब पल्ल्याची गाडी येथे थांबते, आधीचा चालक उतरतो, नवा चढतो. डबे तेच, प्रवासी तेच, पण सूत्रे एकाकडून दुसऱ्याकडे नीट गेली नाहीत तर गाडी फलाटावरच उभी राहील. संगणक सुरू होताना यूएसबी पोर्ट मदरबोर्डवरील बायोसच्या (यंत्र चालू होताच प्रथम धावणाऱ्या, मदरबोर्डवरच साठवलेल्या कार्यक्रमाच्या) ताब्यात असतात आणि म्हणूनच ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या कार्यक्रमाच्या, मेनूत बाणाच्या कळा व्यवस्थित चालतात. पुढे लिनक्सचे कर्नेल चढते आणि तेच पोर्ट स्वतःच्या ड्रायव्हरद्वारे ताब्यात घेते. आमच्या यंत्रांत नेमकी हीच पाळी बदलताना गडबड होत होती. पेन ड्राइव्हचे कोडेही आपण त्याच सूत्राने सोडवलेत : कर्नेल मेमरीत आणेपर्यंत पेन ड्राइव्ह बायोसच वाचत होते, म्हणून सुरुवात ठीक होई, पुढे कर्नेलने स्वतः तो शोधायला घेतला की तो सापडत नसे. डीव्हीडीचा ड्राइव्ह यूएसबीऐवजी साटा या वेगळ्या जोडणीच्या तारेवर असल्याने त्याला या गडबडीची झळ लागली नाही. दोन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी एकाच दोषाच्या निघाल्या, आणि एकही सुटा भाग न बदलता निघाल्या, हे पाहताना जे समाधान वाटले ते शब्दांत मांडणे मला कठीण आहे.

मग आपण पिशवीतून गोल पिनेचा जुना पीएस-टू कीबोर्ड काढलात. १९८७ मध्ये आलेल्या पद्धतीचा हा कीबोर्ड यूएसबीच्या वाटेने जातच नाही, त्याची वाट स्वतंत्र आहे, त्यामुळे यूएसबी मुके झाले तरी तो बोलू शकतो. मदरबोर्डच्या मागे जांभळ्या रंगाची गोल खोबण असेल तर ती कीबोर्डची आणि हिरवी माऊसची, आणि जोडणी संगणक पूर्ण बंद करूनच करायची, चालू यंत्रात खुपसायचे नाही, हे आपण मुलांकडून वदवून घेतलेत. या कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबताच टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून देण्याची खिडकी, उघडले. 'एलएसयूएसबी' (lsusb) या आज्ञेच्या यादीत फक्त मूळ हब (संगणकाचे स्वतःचे यूएसबी जोडबिंदू) होते, त्यांना जोडलेले एकही उपकरण नव्हते. 'डीमेसेज' (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नेलच्या नोंदींत यूएसबीच्या ओळींपुढे 'एरर' आणि उणे ११० हा आकडा पुन्हा पुन्हा येत होता. दिलेल्या वेळेत उत्तर मिळाले नाही, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. निरनिराळ्या पोर्टवरील निरनिराळी उपकरणे एकाच सुरात निरुत्तर राहतात तेव्हा उपकरणांना दोष देण्यात अर्थ नसतो. त्यात नेटवर्कच्या तारेची जोडणीही मृत आहे हे दिसल्यावर आपण लगेच एका गोष्टीवर बोट ठेवलेत : आयओएमएमयू.

कीबोर्ड, नेटवर्क अशा उपकरणांचे नियंत्रक प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत थेट लिहितात व वाचतात. त्यांनी वापरायचे पत्ते सांभाळणारी जी व्यवस्था असते ती ही आयओएमएमयू. ठरावीक पिढीतील काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ती मुळातच बंद ठेवलेली असते, आणि ६४ बिट लिनक्स सुरू झाले की यूएसबी आणि नेटवर्क दोन्ही आंधळे होतात. उपाय दोन आहेत. बायोसमध्ये जाऊन हा पर्याय सुरू करायचा. किंवा कर्नेललाच सांगायचे, की हे काम सॉफ्टवेअरने कर. दुसऱ्या उपायासाठी सुरुवातीच्या मेनूत 'ई' दाबायचे (काही यंत्रांवर तेथे टॅब आणि शेवटी एफ१० ऐवजी एंटर दाबावे लागते), 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधायची, तिच्यातील 'क्वाएट स्प्लॅश' (quiet splash) या शब्दांनंतर एक जागा सोडून इंग्रजी लहान अक्षरांत आयओएमएमयू, त्याला चिकटून बरोबरचे चिन्ह आणि त्याला चिकटून सॉफ्ट असे (iommu=soft) लिहायचे आणि एफ१० दाबायचे. आपण हे स्वतः केले नाहीत. गडचिरोलीहून आलेल्या एका विद्यार्थिनीला पुढे बसवलेत, तिच्याकडून ते लिहून घेतलेत, आणि पडदा उघडल्यावर बाण हलला तेव्हा त्या खोलीत झालेला आनंद आपणही पाहिलात.

आपल्या दूरदृष्टीबद्दल वेगळे आभार मानले पाहिजेत. बायोसमधील पर्याय बदलला की काम संपले, असे कोणीही म्हटले असते. आपण मात्र मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी पाहिलीत, ती थकलेली आहे हे बायोसच्या चुकीच्या तारखेवरून ओळखलेत, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर सुरू झाले की वीज कितीदा जाते याची आठवण करून दिलीत. वीज गेली आणि बॅटरी थकलेली असली की बायोस मूळ पदावर येणार, आणि परीक्षेच्या तोंडावर सगळे कीबोर्ड पुन्हा मुके होणार. म्हणून तीच सूचना डिस्कवरही कायमची लिहून ठेवण्याचा आग्रह आपण धरलात. इन्स्टॉल करताना दिलेली सूचना नव्या प्रणालीत आपोआप उतरेलच असे धरू नये, हेही आपले सांगणे. इटीसीमधील डिफॉल्ट या फोल्डरात ग्रब नावाची फाइल (/etc/default/grub) आहे. तिच्यात 'क्वाएट स्प्लॅश' ज्या अवतरणचिन्हांत आहेत त्याच चिन्हांच्या आत हा शब्द घालून 'सुडो अपडेट-ग्रब' (sudo update-grub) ही आज्ञा द्यायची. बॅटऱ्याही आम्ही बदलून घेतल्या आहेत. त्यांची किंमत किरकोळ आहे.

त्याच संध्याकाळी आपण कार्यालयातील बिनतारी कीबोर्डचेही निदान केलेत. तो पूर्ण बंद नव्हता, अक्षरे गाळत होता. त्याचा छोटा रिसीव्हर मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात, बाह्य हार्ड डिस्कच्या शेजारी होता. यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट उत्पन्न होतो, असे इंटेलने २०१२ मध्येच एका टिपणात मांडले आहे. रिसीव्हर पुढच्या काळ्या पोर्टात आणताच अक्षरे पूर्ण उमटू लागली. ब्लूटूथ कीबोर्डच्या भरवशावर इन्स्टॉल सुरू करू नये, तारेचा एक तरी जवळ ठेवावा, हेही आपण सांगितलेत.

आता सर्व यंत्रांवर मिंट चालते आहे, मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी बसवली आहे आणि सरावाचे वेळापत्रक पुन्हा भरले आहे. त्या विद्यार्थिनीने आपल्या प्रश्नांचा क्रम कागदावर लिहून भिंतीवर लावला आहे : घड्याळ, कॅप्स लॉक, मजकुराचा पडदा, माऊसचा दिवा, पेन ड्राइव्ह, नेटवर्क. कोणतेही यंत्र अडले की मुले आधी त्या कागदासमोर उभी राहतात. आपण आम्हाला मदरबोर्डच्या खर्चातून वाचवलेत याचे मोल मोठेच आहे. पण आपल्याला येत असलेले ज्ञान आपण हातचे राखून ठेवले नाहीत, प्रत्येक पायरी मुलांच्या हाताने करवून घेतलीत, याबद्दल मी आणि येथील प्रत्येक विद्यार्थी आपला अधिक ऋणी आहे.

एक विनंती आहे. आपला पीएस-टू कीबोर्ड अजून आमच्याकडेच आहे. वर्ध्याच्या एका वाचनालयात याच बनावटीचे संगणक आहेत आणि त्यांचीही अगदी हीच तक्रार आहे. आपली हरकत नसेल तर आमची दोन मुले तो कीबोर्ड आणि भिंतीवरच्या कागदाची प्रत घेऊन येत्या रविवारी तिकडे जातील आणि संध्याकाळच्या गाडीने परत येताना कीबोर्ड आपल्या दुकानी पोहोचवतील. कृपया होकार कळवावा.

आपला कृतज्ञ,
व्यवस्थापक, विद्यार्थी अभ्यासिका
मानेवाडा, नागपूर